टन नंतर बघा, आधी टेप घ्या

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात सोसायटीत राहतो, गाडी स्टिल्ट पार्किंगमध्ये लागते, खाली पेव्हर ब्लॉक आहेत. गाडी स्विफ्ट. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारचा जोड) एवढी कामं स्वतः करायची आहेत. गावी वडिलांची बोलेरो आहे, तिचंही अधूनमधून बघावं लागतं. ऑनलाइन अडीच हजारांत चाकांवर सरकणारा 2 टनांचा ट्रॉली जॅक दिसतोय. तो पुरेल, की 3 टनांचा घेऊ? की सरळ गाडी वर चढवायचा रॅम्प घ्यावा?"

2 टन की 3 टन हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण खोक्यावर तोच आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो. पण स्विफ्टचं वजन साधारण 900 किलो. इंजिन पुढे असल्यामुळे त्यातलं साठेक टक्के पुढच्या चाकांवर. म्हणजे अख्खं नाक उचललंत तरी जॅकवर साडेपाचशे किलोच्या आसपास येतात, आणि एक कोपरा उचलताना त्याहून बरंच कमी. धड बनवलेल्या 2 टनांच्या जॅकला हे काहीच नाही. घरी काम करणाऱ्यांचं घोडं अडतं ते वजनापाशी नाही, उंचीपाशी आणि जमिनीपाशी.

म्हणून आधी पार्किंगमध्ये टेप घेऊन बसा. दरवाज्याखाली पत्र्याची जी उभी पट्टी असते, तिच्यावर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे दोन-दोन खाचा दिसतील. त्या दोन खाचांमधला भाग म्हणजे कंपनीने दिलेला जॅक पॉइंट. तिथून जमिनीपर्यंतचं अंतर लिहा. मग इंजिनखालच्या क्रॉसमेंबरची (आडव्या लोखंडी तुळईची) उंची, आणि समोरच्या बंपरपासून तो क्रॉसमेंबर किती आत आहे ते. ही तीन मापं हातात असली की निम्मे जॅक यादीतून आपोआप गळतात.

कसे ते बघा. अडीच हजारवाला छोटा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असताना साधारण 130-135 मिमी उंच असतो आणि 330 च्या आसपास जाऊन थांबतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी, त्यामुळे चारी टायरमध्ये हवा असेल तर तो आत जातो. टायर बसलेला असेल तर अडण्याची शक्यता आहे. आता समजा क्रॉसमेंबर 180 मिमीवर आहे. 330 वजा 180, म्हणजे जॅक तुम्हाला जास्तीत जास्त 150 मिमी देणार. पण गाडी मागच्या चाकांवर रेलून वर जाते, त्यामुळे क्रॉसमेंबरपेक्षा मागे असलेली दरवाज्याखालची पट्टी तेवढी उचलली जात नाही, 125 मिमीच्या आसपास जाते. पट्टी मुळात 200 वर असेल तर ती 325 वर आली. उचललेली गाडी ज्यांवर टेकवून ठेवायची ते बाजारातले बरेच स्टँड सगळ्यात खालच्या खाचेवरही 270-290 मिमी उंच असतात. त्यावर रबरी पॅड ठेवलं की झालं, सगळी जागा संपली. स्टँड कसाबसा जातो, आणि त्याखाली माणूस आत जाऊन पाना फिरवेल एवढी जागा राहत नाही.

दांड्याचंही तसंच. छोट्या जॅकची लांबी बेताची आणि दांडा जेमतेम हातभर. क्रॉसमेंबर बंपरपासून दोन-अडीच फूट आत. जॅक तिथपर्यंत ढकलला की दांडा बंपरच्या खाली अडकतो आणि प्रत्येक पंपाला चार बोटंच हलतो. जमिनीवर आडवं पडून, एका खांद्यावर भार देऊन, चाळीस-पन्नास छोटे पंप मारायचे. तेवढ्यात बंपरचा रंग खरवडला जातो. हा त्रास 3 टनांच्या लो-प्रोफाइल जॅकमध्ये नसतो. तो खाली 75-85 मिमी असतो, वर 450-500 पर्यंत जातो, लांब असतो आणि दांडा चांगला मोठा. म्हणजे 3 टनांचा घ्यायचा तो टनांसाठी नाही, त्याबरोबर येणाऱ्या लांबी-उंचीसाठी. फक्त हे धूड 30-35 किलोंचं असतं. चौथ्या मजल्यावरून दर वेळी लिफ्टने खाली आणायचं असेल तर अॅल्युमिनियमचा बघा, महाग पडतो पण वजन बरंच कमी. किंवा खालच्या मीटर रूममध्ये कोपरा मिळतोय का ते सेक्रेटरींना विचारा.

आता तुमचे पेव्हर ब्लॉक. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच.

ट्रॉली जॅकचं डोकं सरळ वर जात नाही. हात मागच्या बाजूला खिळलेला असल्यामुळे डोकं कमानीत फिरतं, वर जाताना दांड्याच्या दिशेने मागे येतं. गाडी तर जागेवर उभी आहे. मग हिशेब जुळायचा तर जॅकने स्वतःच्या चाकांवर गाडीखाली थोडं पुढे सरकायला हवं. गुळगुळीत काँक्रीटवर तो सरकतो, तुम्हाला कळतही नाही. पेव्हर ब्लॉकवर त्याची छोटी लोखंडी चाकं दोन ब्लॉकच्या फटीत बसतात. जॅक अडतो, डोकं मागे येत राहतं, आणि मग दोनपैकी एक होतं: डोकं पट्टीवरून घसरतं, नाहीतर ते गाडीलाच ओढायला लागतं. पंप मारताना जॅकच्या चाकांकडे लक्ष ठेवा. गाडी वर जातेय आणि चाकं फिरत नाहीत असं दिसलं की थांबा, खाली घ्या, जॅक नीट लावा.

यावर उपाय स्वस्त आहे. 18 मिमीचा चांगला प्लाय, जॅकपेक्षा फूटभर लांब, आणि प्रत्येक स्टँडखाली फूट बाय फुटाचा वेगळा तुकडा. सुताराकडे उरलेले तुकडे मिळतात. ओल्या मातीवर किंवा मुरुमावर तर हे हवंच. डांबरावरही हवं, कारण मे महिन्यात दुपारी डांबर इतकं मऊ होतं की स्टँडचे पाय हळूहळू आत रुततात आणि तुम्ही खाली असताना ते तुमच्या लक्षात येत नाही. पार्किंगला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तोही तपासा. मोबाइलमधली लेव्हल पुरते. उतार डोळ्यांना जाणवत असेल तर त्या जागी गाडी उचलू नका, दुसरी जागा शोधा.

उताराबरोबर हँडब्रेकचं सांगतो, कारण यात बऱ्याच जाणत्या लोकांचाही घोळ होतो. स्विफ्टचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचललीत की तो निरुपयोगी. गिअरमध्ये टाकलीय म्हणाल, तर गिअर पुढच्या चाकांना धरतो, पण डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडातून धरतो. पुढचं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक खुशाल घरंगळू शकतं, गाडी पहिल्या गिअरमध्ये असूनही. ऑटोमॅटिकच्या 'पी'चंही तेच. म्हणून जी बाजू जमिनीवर राहणार त्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचेच. रबरी मिळतात. लाकडी पाचर करून घेतली तरी चालते. रस्त्यावरचा गोल धोंडा मात्र नको, चाकाबरोबर तोही घरंगळतो.

स्टँडकडे वळू. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आत तेलाच्या दाबावर सगळा डोलारा उभा. एक रबरी सील फाटलं, व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला, किंवा दांड्याला कुणाचा पाय लागला की गाडी खाली. सोसायटीत पोरं सायकली घेऊन फिरत असतात, हे विसरू नका. तेव्हा बजेट कमी असेल तर जॅकमध्ये काटकसर करा, स्टँडमध्ये नको.

स्टँड दोन प्रकारचे. एक दातेरी, त्यात खांबाला दाते असतात आणि खटका त्यात अडकतो. दुसरा पिनवाला, खांबाला आरपार भोकं आणि त्यातून जाड पिन. माझं मत पिनवाल्याकडे झुकतं. दातेरी वापरायला भराभर होतो, पण खटका दातात पूर्ण बसलाय की अर्धवट, हे बाहेरून नीट दिसत नाही. अमेरिकेत हार्बर फ्रेट या मोठ्या साखळी दुकानाने 2020 मध्ये पिट्सबर्ग ब्रँडचे 3 टन आणि 6 टनांचे स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले, ते याच कारणाने. कारखान्यातले साचे झिजले होते, खटका दातांत पुरेसा बसत नव्हता आणि भार हलला की स्टँड अचानक खाली यायची भीती होती. पुढे त्यांच्या बदली दिलेल्या 3 टनांच्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला आणि तेही परत मागवावे लागले. पिनमध्ये असा संशयच राहत नाही: आरपार गेली की गेली. दातेरीच घ्यायचा असेल तर वरून सुरक्षा पिन असलेला घ्या आणि ती पिन दर वेळी खरोखर लावा.

लेबल नीट वाचा. काही कंपन्या क्षमता एका स्टँडची लिहितात, काही जोडीची. "3 टन" जोडीचं असेल तर एकाचं दीड झालं. स्विफ्टला तेही पुरतं, बोलेरोला मी ते वापरणार नाही. पायांचा पसारा रुंद हवा आणि चारी पाय जमिनीला टेकायला हवेत. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेऊ का, असंही लोक विचारतात. माणूस कसबी असला तरी त्या स्टँडची भार देऊन चाचणी कोण घेणार? तिथून त्यापेक्षा पट्टीसाठी खाच पाडलेलं रबरी पॅड किंवा जॅकच्या डोक्यावर बसणारं अॅडॉप्टर करून घ्या, ते उत्तम करतात. या पॅडशिवाय पट्टी थेट लोखंडावर टेकवलीत तर ती दुमडते, तिच्यावरचं कोटिंग तडकतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. कोकणातल्या गाड्यांच्या पट्ट्या बघितल्या की हे लगेच कळतं.

विटा आणि सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली लावूच नका. ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. तात्पुरता आधार हवाच असेल तर बाभळीचे किंवा सागाचे भरीव ठोकळे आडवे-उभे रचून लावा. लाकूड तुटण्याआधी दबतं, आवाज करतं, तुम्हाला वेळ देतं. ट्रॅक्टरचे मिस्त्री उगाच ते ठोकळे बाळगत नाहीत.

नवशिक्याला पहिल्याच दिवशी पडणारं कोडं म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला कंपनीचा जॅक पॉइंट एकच. तिथे जॅक लावला तर स्टँड कुठे लावू? उत्तर: जॅक मधोमध, स्टँड कडेला. पुढची बाजू सबफ्रेमच्या (क्रॉसमेंबर असलेल्या इंजिनखालच्या चौकटीच्या) मधून उचला आणि दोन स्टँड दोन्ही बाजूंच्या खाचांखाली लावा. सबफ्रेमवर नेमकी जागा कोणती हे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये चित्रासह असतं. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अॅक्सल बीमला मध्ये जॅक चालतो की नाही हे प्रत्येक गाडीचं वेगळं, तिथे अंदाज बांधू नका. ऑइल संप (इंजिनखालची तेलाची टाकी), गिअरबॉक्स, रेडिएटरखालची पट्टी आणि सपाट पत्रा, इथे जॅक कधीच नाही. शेजाऱ्याची इलेक्ट्रिक गाडी असेल तर मदतीला जाण्याआधी तिचं मॅन्युअल उघडा. तिचं पोट म्हणजेच बॅटरी असते.

तुमच्या कामांपुरतं बोलायचं तर ब्रेक पॅडसाठी गाडीखाली शिरावंच लागत नाही. चाक काढायचं, एका कोपऱ्याला स्टँड, काढलेलं चाक आडवं करून पट्टीखाली सरकवून ठेवायचं, आणि बाहेर बसून काम. स्टॅबिलायझर लिंकला मात्र दोन्ही पुढची चाकं एकदम उचला. एकच चाक लोंबकळत असेल तर बारला पीळ बसतो आणि लिंकचा बोल्ट निघताना भांडतो.

ऑइलसाठी रॅम्पचं विचारलंत. रॅम्प या एका कामाला छान, कारण गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते. पण त्यावर चाक काढता येत नाही, म्हणजे तुमची बाकी दोन कामं होतच नाहीत. शिवाय गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकचा रॅम्प चाकाच्या धक्क्याने पुढे सटकतो, आणि चढण उभी असेल तर बंपर आधी टेकतो. ज्याला फक्त ऑइल बदलायचं आहे त्याला मी रॅम्पही सांगत नाही. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल खेचून घेणारा हातपंप मिळतो, बऱ्याच गाड्यांमध्ये तो काम भागवतो. फिल्टर वरून हाताला येत असेल तर गाडी उचलायचीच नाही. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, चेंबरमध्ये ओतू नका. गिअर ऑइलचं मात्र घरी मनावर घेऊ नका. त्याची पातळी बघायला गाडी चारी बाजूंनी समतल हवी, म्हणजे चार स्टँड. तेवढ्यासाठी गॅरेजची लिफ्ट स्वस्त पडते.

गाडीबरोबर आलेला कात्री जॅक डिकीतच राहू द्या. तो रस्त्यावर चाक बदलण्यापुरता. त्याचा पाया अरुंद, आणि बाजूने धक्का बसला की तो कलतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा इलेक्ट्रिक जॅक म्हणजे तोच, मोटर लावलेला. कष्ट वाचतात, भरवसा वाढत नाही.

बोलेरोसाठी हिशेब वेगळा. चॅसीवर बांधलेली गाडी, मागे कमानपाटे आणि सरळ अॅक्सल, जमिनीपासून उंच. तिला बाटलीसारखा उभा बॉटल जॅक साजतो, 5 टनांचा घेतलात तरी महाग नाही. मागे अॅक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या बुडाजवळ लावला की थोडं उचललं तरी चाक सुटतं, कारण स्प्रिंग लोंबकळायची वाट बघावी लागत नाही. पुढे चॅसीच्या रेलखाली. बॉटल जॅक सरळ वर जातो, त्याला सरकायला जागा लागत नाही, म्हणून शेतातल्या जमिनीवर जाड फळी टाकून तो ट्रॉलीपेक्षा बरा. उलट स्विफ्टखाली बहुतेक बॉटल जॅक शिरतच नाहीत, खालीच 180-200 मिमी उंच असतात. तो आडवा ठेवून वापरायचा नाही आणि डिकीत आडवा टाकून न्यायचाही नाही, तेल गळतं. डोकं लहान असतं, त्यामुळे गुळगुळीत लोखंडावर घसरतं. मध्ये रबराचा जाड तुकडा घाला.

मोठ्या साहित्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बंगलेवाले विचारतात म्हणून दोन शब्द. दोन खांबी लिफ्टला छत साधारण साडेतीन मीटर हवं आणि खाली भरीव, जाड काँक्रीट. पेव्हरवर किंवा नुसत्या फरशीवर तिचे अँकर धरणार नाहीत. दोन्ही बाजूंना ठेवायच्या हायड्रॉलिक फ्रेम मिळतात, त्यांना खांब लागत नाहीत. घरच्यासाठी ते खरंच सुंदर साधन आहे, पण किंमत पाहून बहुतेक जण पुन्हा ट्रॉली जॅकवर येतात. आणि "एसटी डेपोत असतो तसा खड्डाच काढून घेऊ का?" असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. पावसाळ्यात त्यात पाणी भरतं ते वेगळंच. डेपोतल्या गाड्या बहुतेक डिझेलच्या, तिथे हवा खेळती, माणसं कायम आजूबाजूला. घरच्या खड्ड्यात यातलं काहीच नसतं.

तर तुमच्या खिशाचा हिशेब. आकडे साधारण धरा, ऑनलाइन भाव हलते असतात. पिनवाल्या स्टँडची जोडी दोन-तीन हजार. प्लाय, ठोकळे, रबरी पॅड मिळून हजारच्या आत. एवढं झाल्यावर जे उरेल त्यात जॅक. आठ-दहा हजार उरत असतील तर 3 टनांचा लो-प्रोफाइल घ्या, पुन्हा घ्यावा लागणार नाही. तीनच उरत असतील तर छोटा 2 टनी घ्या, पण त्याबरोबर कमी उंचीचे स्टँड शोधा आणि गाडी कोपरा-कोपरा उचलायची तयारी ठेवा. ब्रेक पॅडची कामं त्यात आरामात होतील. शक्य असेल तर नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात जाऊन जॅक हाताळून घ्या. दांडा वर-खाली करून बघा, हात डावी-उजवीकडे डुलतोय का बघा.

ऑनलाइनच मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत तपासणी उरकून घ्या. आधी रिकामा जॅक: जॅक खाली सोडायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा पंप मारा म्हणजे आतली हवा निघते, मग व्हॉल्व्ह बंद करून पूर्ण वर घ्या. मध्ये स्पंज दाबल्यासारखा लागत असेल तर पुन्हा हवा काढा. तेल कमी असेल तर जॅकचंच हायड्रॉलिक तेल घाला. ब्रेक ऑइल घातलंत तर आतली सील फुगून खराब होतात. व्हॉल्व्ह सोडताना गाडी हळू उतरायला हवी. जरा फिरवल्याबरोबर धप्पकन खाली येणारा जॅक ठेवू नका. मग गाडीचा कोपरा चाक जेमतेम सुटेल इतका उचला, चाक लावलेलंच आणि गाडीखाली कुणी नाही, जॅकच्या डोक्याची उंची टेपने मोजून लिहा आणि अर्धा तास सोडून द्या. परत मोजा. एखादा मिलिमीटर चालेल. बोटभर खाली आला असेल तर खोकं भरा आणि परत पाठवा.